काही घाई नाही, बाईसाहेब

परबकाकांच्या शोकसभेला मी मुलुंडहून मुद्दाम गेले होते. शोकसभा मला आवडतात. इतक्या मनापासून खोटं बोलणारी माणसं एरवी फक्त लग्न जमवताना बघायला मिळतात. परळच्या त्यांच्या टॉवरच्या तळमजल्यावरचा सोसायटीचा हॉल, पांढऱ्या चादरी, हार घातलेला काकांचा फोटो. फोटोत काका चक्क हसत होते, त्यामुळे क्षणभर मला वाटलं की आपण चुकून दुसऱ्याच कोणाच्या शोकसभेला आलो. माइकवर सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते.

"परबकाका म्हणजे गोड माणूस," सेक्रेटरी म्हणाले. "लहानथोर सगळ्यांशी आदरानं बोलायचे. त्यांच्या तोंडून कधी कोणाला वावगा शब्द गेला नाही."

हॉलमधले लोक एकमेकांकडे बघू लागले. काकांनी ज्यांना 'मेल्या' सोडून दुसऱ्या नावानं कधी हाकच मारली नव्हती, अशी माणसं तिथे ओळीनं बसली होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतून, गुडघे चोळत बसलेल्या परबकाकींचा आवाज आला.

"घोडीशी."

"काय म्हणालात काकी?"

"आदरान बोलायचे ते घोडीशी. माणसांशी नाय. तुमचा चालू द्या."

सभेचा जो विचका व्हायचा तो तिथेच झाला. माझ्या शेजारच्या बाईंनी पदर तोंडात कोंबला. मी सरळ उठून बाहेर गेले, पोटभर हसले, डोळे पुसले आणि दुःखी चेहरा करून परत येऊन बसले. मी हौशी रंगभूमीवर वीस वर्षं काढली आहेत, तेवढं मला जमतं.

परळला परबकाकांची चाळ आमच्या चाळीसमोरची. काका लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवत. माणूस काडीसारखा आणि ढोल गाडीच्या चाकाएवढा. समोरून वरात येताना दिसे तो फक्त ढोल, त्याला खाली दोन पाय आणि वर एक टोपी. पण ऐट अशी, जणू बँडमधली बाकीची मंडळी आपल्याला सोबत म्हणून आणली आहेत. "पिपाणे शोभेक असतत," ते म्हणत. "लग्न लागता ता ढोलावर. मी ज्या लग्नात वाजवलंय, ता लग्न मोडूक नाय."

"आणि आपल्या लग्नात?" काकी आतून विचारत.

"तेव्हा दुसरो वाजवत होतो."

माणसांशी त्यांचं बोलणं हे असं. डॉक्टरला ते विचारत, "मेल्या, तुका नाडी तरी गावता काय?" नगरसेवक मतं मागायला आला तेव्हा त्याला दारातच सांगितलं, "नाव सांगा नको मेल्या, तुझ्या बापसाच्या वरातीत तो दोनदा घोड्यावरसून पडललो, तेवढी वळख पुरे." कोणी रागावत नसे. रागावून करणार काय? काकांना माणसाचा राग दिसतच नसे, जसा ढोल वाजवणाऱ्याला शेजाऱ्याचा कान दिसत नाही.

आणि हा शूर पुरुष नव्या गोष्टींना घाबरे. म्हणजे किती घाबरे? घरात मिक्सर आला तेव्हा तो लावला की काका गॅलरीत जाऊन उभे राहत. ज्या गिरणीत त्यांचे वडील राबले त्या जागी मॉल झाला. तो बघायला एकदा गेले, सरकत्या जिन्यापाशी उभे राहिले आणि जिना थांबायची वाट बघत बसले. जिना थांबेना. शेवटी त्याला शिव्या घालून चालत घरी आले. पण घाबरलो असं ते कधीही म्हणाले नाहीत. भीती हा शब्दच त्यांच्याकडे नव्हता. त्या जागी त्यांनी 'तत्त्व' हा शब्द ठेवला होता. मिक्सर तत्त्वात बसत नव्हता, मोबाइल तत्त्वात बसत नव्हता, आणि लिफ्ट तर तत्त्वाच्या मुळावरच येत होती.

इथेच काकींचा जीव अडकला होता. चाळीच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर चाळकऱ्यांसाठी टॉवर उभा राहिला होता. चिठ्ठ्या निघाल्या आणि परबांना सतरावा मजला आला. होळीच्या आत ताबा घ्यायचा, मग चाळ पाडणार. काकींचे गुडघे कधीचे गेलेले. आयुष्यभर त्या हातात बादली घेऊन गॅलरीच्या टोकापर्यंत चालल्या, आणि तिथे पोचल्यावर संडासाच्या दाराबाहेर रांगेत उभ्या राहिल्या. त्या मला म्हणाल्या होत्या, "मला समुद्र दिसायला नको, काय नको. मरायच्या आधी एकदा आपल्या घरात, आपल्या संडासाला, आपल्या हातानं कडी लावून निवांत बसायचंय."

"मी लिफ्टीत पाय ठेवचंय नाय," काकांनी जाहीर केलं. "तत्त्वाचो प्रश्न आसा. आपण गावाक जावया."

गाव कणकवलीच्या पुढे. तिथे संडास परसाच्या टोकाला, म्हणजे गॅलरीपेक्षाही लांब. काकी स्वयंपाकाला लागल्या. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं, एवढंच.

आता घोडी. चाळीच्या मागच्या गल्लीत इस्माईलभाईंचा तबेला होता. एकेकाळी त्यांच्या वडिलांच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या चौपाटीवर फिरत. त्या बंद झाल्यावर फक्त वरातीची घोडी उरली. म्हातारी घोडी थकली म्हणून त्यांनी नवी आणली होती, चांदणी. पांढरीशुभ्र, कोवळी, आणि दिसायला अशी की नवऱ्यामुलाकडे कोणी बघू नये. फक्त ती जगाला घाबरायची. उडती पिशवी, गटाराचं झाकण, दुकानाच्या काचेत दिसणारी दुसरी पांढरी घोडी, कुठल्याही गोष्टीला. एकदा रस्त्यावर पडलेल्या केळीच्या पानाला घाबरून ती अशी उभी राहिली की मागे बसगाड्यांची रांग लागली.

इस्माईलभाईंनी तिला उन्हाळ्यात पहिल्यांदाच वरातीला काढलं, लालबागला. बँड परबकाकांचा. बँडला तेव्हा दिवस वाईट आले होते, जो तो डीजे लावायचा. कैक आठवड्यांनी काकांच्या पोटावर ढोल चढला होता आणि हात नुसते शिवशिवत होते. बँडमास्तरने खूण केली आणि काकांनी साठवून ठेवलेला सगळा उत्साह एका दणक्यात ढोलावर उतरवला. त्या वेळी ते उभे होते चांदणीच्या शेपटीमागे, हातभर अंतरावर.

वऱ्हाडाला एवढंच दिसलं की नवरा होता आणि आता नाही.

मुलीचे मामा एका दिशेला धावले, मुलाचे काका दुसऱ्या. मुहूर्त टळला. भटजी घड्याळाकडे आणि मुलीची आई भटजींकडे बघत राहिली. शेवटी नवरा सापडला तो परळला, इस्माईलभाईंच्या तबेल्यात. घोडी आपली घरी गेली होती. नवरदेव मुंडावळ्यांसकट तिच्या पाठीवर तसाच बसलेला, आणि शेजारच्या गॅरेजवाल्याने दिलेला चहा पीत होता. "उतरता येत नाही मला," तो लाजून म्हणाला. "चढवताना स्टूल होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्माईलभाई चाळीच्या चौकात येऊन उभे राहिले. इस्माईलभाई एरवी हळू बोलणारे.

"परब! ज़िंदगी गई तेरी घोड़ी के साथ चलने में, अक्कल नहीं आई? बिगाड़ी तूने है, सुधारेगा भी तू। नहीं तो शादियों का सीज़न चालू होते ही मैं बेच डालेगा इसको। भट्टी पे ईंट ढोएगी।"

काका गॅलरीतून ओरडले, "माझ्या ढोलाक काय बोलतंस मेल्या! तुझी घोडी भित्री!"

"भित्री तो है," इस्माईलभाई म्हणाले. "तू लिफ़्ट में पैर रखता है क्या?"

अख्खी चाळ हसली. तिन्ही मजले हसले. मीठ विसरलेल्या काकी सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. काका आत गेले आणि दार लावून घेतलं. चाळीत दिवसा दार लावणं म्हणजे केवढा अपमान झाला असेल बघा.

त्यानंतर काका रोज सकाळी ढोल घेऊन तबेल्यात जाऊ लागले. आम्हाला वाटलं, घोडीला धाक दाखवणार. काकी म्हणाल्या, "जाऊन बघ गो, मेली तर नाय ना ती." मी डबा घेऊन गेले. तबेल्याच्या दाराला गोणपाटाचा पडदा होता. तो बाजूला करणार, तेवढ्यात आतून आवाज आला. रेडिओवर बातम्या सांगतात तसला स्वच्छ, नम्र, धुतलेला मराठी आवाज.

"काही घाई नाही, बाईसाहेब. आपल्याला वाटेल तेव्हा."

मी थबकले. मला वाटलं आत कोणी पाहुणे आलेत. पडद्याच्या फटीतून बघते तर चांदणी पलीकडच्या भिंतीला चिकटून उभी, कान ताठ, पाय थरथरणारे. अलीकडे ढोल आडवा ठेवलेला, त्यावर मूठभर चणे. आणि उलट्या बादलीवर, घोडीकडे पाठ करून बसलेले परबकाका.

मला पाहिल्याबरोबर ते आपल्या मूळ भाषेवर आले. "काय बघतंस गो नाटकवाले? डबो ठेव आनि चल!"

मी घरी येऊन काकींना सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. त्या स्वतः, असले गुडघे घेऊन, जिना उतरून तबेल्यापर्यंत गेल्या, पडद्याआड उभ्या राहून ऐकलं आणि परत आल्या. पायरीवर बसून गुडघे चोळू लागल्या.

"सगळा संसार झाला," त्या म्हणाल्या. "मला 'ऐकलंस काय' च्या पुढं काय म्हटलं नाय कधी. आणि तिला 'आपल्याला'!"

पण खरं सांगायचं तर काकांना ते काम येत होतं. आयुष्यभर घोड्यांना घाबरवून घोडा कसा घाबरतो हे त्यांना पाठ झालं होतं, आता ते सगळं फक्त उलट करायचं होतं. घोडीने एक पाऊल मागे घेतलं की काका ढोल तेवढाच मागे ओढून घेत. "तिणा पाय मागे घेतल्यान की आपणय घेवचो. ओढूचा नाय," ते मला शिकवत, मी विचारलेलं नसताना. "तिका वाटाक होया की तिणाच ठरवल्यान. आणि कानांकडे बघ. तोंड खोटा बोलात, कान नाय बोलूचे."

एके सकाळी चांदणी लांबूनच मान ताणून ढोलावरचे चणे खाऊन गेली. काकांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग ती चणे खात असताना ते ढोलावर नुसतं बोट टेकवू लागले. मग नखानं टिकटिक. मग तळवा. ती दचकली की थांबायचं, तिने धीर धरला की उघड्या तळव्यावर गुळाचा खडा. श्रावण लागला तेव्हा तळव्याच्या जागी ढोल वाजवायचं टिपरू आलं आणि चांदणी ढोल वाजत असताना त्यावरचे उड्या मारणारे चणे टिपू लागली.

मग जगातल्या बाकीच्या वस्तू. त्यासाठी चाळ कामाला लागली. कोणी कुकरच्या शिट्ट्या वाजवायच्या, कोणी निळी ताडपत्री अंथरायची. माझ्याकडे छत्री होती. पहिल्याच वेळी मी जरा जोरात उघडली आणि चांदणी दोन पायांवर उभी राहिली.

"मेल्ये, छत्री उघडतंस की बंदूक उडवतंस?" काका माझ्यावर गरजले, आणि त्याच श्वासात घोडीकडे वळून, "क्षमा असावी, बाईसाहेब. नवीन आहेत त्या."

नवीन! माझ्या दोन मुली कॉलेजात होत्या.

तिला लालबागला मसाल्याच्या गल्लीत नेलं तो दिवस मी विसरणार नाही. मसाला कुटणाऱ्या डंकांचा धडधडाट, मिरच्यांचा ठसका, बायकांची गर्दी. चांदणीनं नाकपुड्या फुगवल्या आणि अशी शिंकली की शेजारचं हळदीचं ताट दुकानदाराच्या अंगावर. दुकानदार पिवळाधमक झाला. काकांनी टोपी काढली आणि घोडीला म्हणाले, "शतायुषी व्हा." दुकानदाराला म्हणाले, "मेल्या, ताट कडेक कित्याक ठेवतंस?"

शिकवणीत एकच खोट राहिली, आणि ती अशी खोट फक्त ढोलवाल्याच्याच हातून राहू शकते. ढोल म्हणजे चणे, हे चांदणीच्या डोक्यात पक्कं बसलं. गणपतीच्या आधी पुलाखालच्या मैदानात ढोलपथकाचा सराव चालू होता. तिकडून जाताना तिने कान टवकारले. सराव करणारे ढोल पाहून तिला बहुतेक वाटलं की इथे सार्वजनिक जेवण आहे. इस्माईलभाई लगामाला लटकले, काका शेपटीमागे धावले, पण ती सरळ पथकात घुसली आणि एका मुलीच्या ढोलावर तोंड ठेवून उभी राहिली. मुलगी किंचाळली.

"बोंबलतंस कित्याक गो?" काका धापा टाकत म्हणाले. "चणे ठेव!"

तुळशीची लग्नं झाली आणि परीक्षेचा दिवस आला. वरात लालबागलाच. चाळीतले सगळे आमंत्रण नसताना हजर. काकी स्टुलावर, मी त्यांच्या शेजारी. इस्माईलभाई फुटपाथवर उभे, चेहऱ्यावरून वाटावं की त्यांचीच मुलगी सासरी चाललीय. त्या दिवशी काकांनी ढोल दुसऱ्याला दिला होता आणि स्वतः लगाम धरला होता. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध, खिसा गुळानं फुगलेला.

टेम्पोवरचा डीजे सुरू झाला. चांदणी हलली नाही. फटाक्यांची माळ लागली, हलली नाही. कागदाच्या चमकत्या कपट्यांचा फवारा तिच्या डोक्यावर उडाला, तिने कान एकदा मागे-पुढे केले आणि ढोलाकडे आशेनं बघितलं. काका प्रत्येक पावलाला मान वळवून फुटपाथवरच्या आम्हा सगळ्यांकडे बघत होते. असा तोरा त्या रस्त्यावर कुठल्या नवऱ्यामुलालाही कधी आला नसेल.

आणि मग तो ड्रोन आला.

फोटोवाल्यानं तो कुठूनसा सोडला होता. चार पायांचा, घूं घूं करणारा, खाली लाल दिवा लुकलुकणारा तो किडा इमारतींच्या मधून सरळ उतरला आणि परबकाकांच्या टोपीच्या वर हवेत थांबला. छत्री दाखवून झाली होती, ताडपत्री झाली होती, कुकर झाला होता. ड्रोन कोणाच्या डोक्यातच आला नव्हता.

काकांनी वर पाहिलं. "आये गे!" एवढंच ओरडले, लगाम सोडला आणि धावले. उसाच्या रसाच्या गाडीमागे जाऊन चिपाडांच्या ढिगात बसले. टोपी रस्त्यावर.

बँड थांबला. डीजे थांबला. इस्माईलभाईंनी डोळे मिटून घेतले. मोकळी सुटलेली घोडी, पाठीवर नवरा, डोक्यावर घोंघावणारं यंत्र. चांदणीनं एक कान वर केला, त्या किड्याकडे पाहिलं आणि कान खाली सोडला. मग ती सावकाश, ठुमकत, नवऱ्यासकट रस्ता ओलांडून रसाच्या गाडीपाशी गेली, मान खाली घातली आणि चिपाडांमध्ये बसलेल्या काकांच्या खिशाला नाक लावलं. तिने धीर धरला होता. आता गूळ मिळायला हवा होता.

काकांनी चिपाडांत बसल्या बसल्या तो दिला. मुंबईत वरातीला टाळ्या पडलेल्या मी तेवढ्या एकदाच ऐकल्या. इस्माईलभाई रडत होते आणि हसत होते. "रखेगा! मैं इसको रखेगा!"

काकी मात्र हसल्या नाहीत. स्टुलावर पुढे वाकून त्या टक लावून बघत होत्या.

"कान बघितलेस?" त्यांनी हळूच विचारलं.

"चांदणीचे?"

"ह्यांचे," काकी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून काकींच्या घरातला गॅस बिघडला. म्हणजे फक्त दुपारच्या चहाच्या वेळी बिघडायचा. काकी टॉवरच्या तळमजल्यावर लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकची खुर्ची टाकून बसू लागल्या, वॉचमनच्या शेगडीवर चहा करून घेऊ लागल्या, आणि चहा हवा असेल तर काकांनी तिथे यावं असा निरोप पाठवू लागल्या. काका आले. लिफ्टपासून सगळ्यांत लांब, भिंतीला चिकटून बसले. काकींनी लिफ्टचं नाव काढलं नाही. उलट लिफ्टकडे पाठ करून बसल्या. चहाबरोबर बशीत मालवणी खाजं असे, गुळाचं, आल्याचं.

हळूहळू बशी लिफ्टच्या बाजूला सरकू लागली. दार 'टिंग' करून उघडलं की काका दचकत, आणि ते दचकले की काकी दोन्ही खुर्च्या मागे ओढून घेत. मला हे कळलं तेव्हा मी जिन्याच्या आडोशाला उभं राहून तोंडात रुमाल धरला होता. काकींनी मला पाहिलं आणि डोळ्यांनीच दटावलं, नाटकात मध्येच शिरलेल्या माणसाला दटावतात तसं.

एकदा सगळं फसलंच होतं. वॉचमन बटण दाबून दार उघडं धरून उभा, खुर्ची लिफ्टच्या आत, काका खुर्चीत, हातात बशी. काका पहिल्यांदाच आत बसले होते आणि आपण कुठे बसलोय हे जणू लक्षात आलेलं नाही असं तोंड करून खाजं चावत होते. तेवढ्यात वॉचमनचं बोट सटकलं आणि लिफ्टच्या छतातून एक बाई बोलली, दरवाजा बंद होतोय म्हणून. काका बशीसकट बाहेर.

"ही कोण?"

"कोण नाय. मशीन आहे ते."

"मशीनात बाई कित्याक ठेवलीहा? माझ्या तत्त्वात बसणा नाय!" आणि आठवडाभर चहा बंद. पुन्हा गावाच्या गोष्टी. काकींनी बादली उचलली आणि गॅलरीच्या टोकाकडे चालू लागल्या. काका त्यांच्या पाठमोऱ्या चालीकडे बघत उभे होते, हे मी माझ्या खिडकीतून पाहिलं. गुडघा दुखला की काकी कठड्याला धरून थांबत. त्या दिवशी जरा जास्तच थांबल्या. नाटकातलं मला कळतं. ते नाटक नव्हतं.

पुढच्या आठवड्यात काका स्वतःहून चहाला आले. खुर्ची त्यांनीच आत ओढून नेली.

आमची चाळ दुसऱ्या टप्प्यात होती, म्हणून आम्ही भाड्यानं मुलुंडला निघालो. टेम्पो भरला, नवरा हॉर्न वाजवत होता, आणि मी काकींचा निरोप घ्यायला टॉवरमध्ये पळाले. होळीला थोडेच दिवस उरले होते.

लिफ्टचं दार उघडं होतं. आज आत खुर्ची नव्हती. काका मागच्या भिंतीला चिकटून उभे, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरलेली, पाय थोडे थरथरणारे, आणि कान, देवाशपथ सांगते, ताठ. काकी दारात उभ्या. एका हाताची मूठ मिटलेली. दुसऱ्या हातात चाळीतल्या दाराची जुनी लोखंडी कडी होती, खिळ्यांसकट उचकटून आणलेली. टॉवरच्या दारांना नुसत्या गोल मुठी असतात, त्यांच्यावर काकींचा भरवसा नव्हता.

काकांनी मला पाहिलं. "काय बघतंस गो नाटकवाले? हिचे गुडघे दुखतत म्हणान चललंय. तत्त्व बदलूक नाय."

"नाही काका," मी म्हटलं.

काकी आत शिरल्या, त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि बटणावर बोट ठेवलं. दाबलं नाही. त्यांच्याकडे न बघता, समोर बघत, रेडिओवर बातम्या सांगतात तसल्या स्वच्छ, धुतलेल्या मराठीत म्हणाल्या, "काही घाई नाही, साहेब. आपल्याला वाटेल तेव्हा."

काकांनी आधी बटणाकडे पाहिलं, मग छताकडे. बाहेर आमचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. मग काकांनी डोळे गच्च मिटले आणि मान एकदा खाली-वर केली. काकींनी बटण दाबलं. छतातली बाई बोलली. काका हलले नाहीत. दार दोन्ही बाजूंनी मिटू लागलं, आणि मिटता मिटता त्या अरुंद फटीतून मला दिसलं की त्यांनी एक हात दांडीवरून सोडवला, काकींच्या मिटलेल्या मुठीपुढे धरला, तळवा उघडा.

"गूळ खंय?" परबकाका म्हणाले.